उसनं आडनाव

"गळ्यातलं ते काढ," बाई म्हणाली.

रामदासपेठेतल्या डॉक्टरसाहेबांच्या घराचा मागचा व्हरांडा. बाईच्या एका हातात तुळशीची माळ होती. दुसऱ्या हाताचं बोट माह्या गळ्याकडे होतं. माह्या गळ्यात काळा दोरा, दोऱ्यात नखाएवढं पितळेचं बुद्धाचं पदक.

"ही माळ घाल. आणि सासूबाईंनी आडनाव विचारलं तर भोयर सांगायचं. पारशिवनीकडची भोयर. कुणबी. लक्षात राहील ना?"

"राहीन."

"आणि ते जयभीम वगैरे इथे नको. तुला ठाऊकच आहे, माझं स्वतःचं काही नाही. पण हे घर सासूबाईंचं आहे."

मी दोरा काढला. कमरेच्या बटव्यात टाकला. माळ घालाले हात वर केले त खांदे दुखले. बाईनं मागून माळ नीट केली. जशी नव्या साडीची किनार नीट करतेत, तशी. मंग दोन पावलं मागं सरून पाह्यलं अन् म्हणाली, "छान. आता कुणाला कळणार नाही."

काम भेटलं होतं.

ही बाई मले काही नवी नव्हती. चौदा वर्षं मी तिच्या घरात राह्यली. विलायतेत. लीड्स नावाचं गाव आहे, तिथं.

माहा नवरा कापडाच्या मिलमध्ये होता. छातीच्या बिमारीनं गेला. मी चाळिशीच्या आसपास होती अन् पोरगी सुजाता लहान. डॉक्टरसाहेब तेव्हा सरकारी क्वार्टरात राहत. त्यांचे दोन पोट्टे मी सांभाळत होती. अंगणात, व्हरांड्यात, झोपाच्या खोलीत. सैपाकघर सोडून सगळीकडे. साहेबाले विलायतेत नोकरी लागली, अन् पोट्टे माह्याशिवाय राहत नव्हते. बाई म्हणाली, चल. मोठी बहीण म्हणाली, जा, सुजाताले मी पाहीन. मी गेली.

तिथं पोहोचल्यावर पयल्याच दिवशी बाई सैपाकघराच्या दारात उभी राहून म्हणाली, "तूच कर गं स्वयंपाक. इथे कोण बघतंय?"

असं माह्या हातचं सुरू झालं. वरण, पोळ्या, वांग्याची भाजी. मंग तिकडचंही शिकली. बाई तापानं पडली तेव्हा तिले मी चमच्यानं पेज पाजली. साहेब पाव्हण्यांले सांगत, आमची माई आहे ही, घरातलीच. गोरे पाव्हणे माह्याशी हात मिळवत. पयल्यांदा एका बाईनं हात पुढं केला तं मले समजलंच नाही का ती काय मागून राह्यली. मी माहा हात पदराले पुसला, मंग दिला. तिचा हात थंड होता. रात्री मी किती तरी वेळ आपल्या हाताकडे पाहत बसली.

मले वाटलं, बाई बदलली. मीही बदलली. छप्पन साली आमी धम्म घेतला तेव्हा जे आयकलं होतं, ते इथं आपोआप होऊन राह्यलं, असं वाटलं. मी येडी होती.

साहेबाचे वडील गेले. घरी म्हातारी एकटी. साहेबानं नागपूरले येऊन दवाखाना टाकायचं ठरवलं. पोट्टे मोठे झाले होते, ते तिकडंच शिकाले राह्यले. आमी तिघं आलो. नागपूर स्टेशनावर म्हातारीनं मोटार पाठवली होती. सामान चढलं. साहेब बसले. मी दाराले हात लावला तं बाई म्हणाली, "तू आता तुझ्या घरी जा. मुलीला भेट, आराम कर. मी बोलावते."

मोटार गेली. मी आपली पेटी घेऊन सायकलरिक्षात बसली अन् इंदोऱ्याले, आमच्या लोकांच्या वस्तीत आली.

बोलावणं आलं नाही.

सुजाताचं घर म्हणजे एक खोली. जावई मिलमध्ये बदली कामगार. सकाळी जाऊन फाटकावर उभं राहाचं, नाव पुकारलं तं काम, नाही तं घरी परत. दोन लेकरं. मोठी मिनू, लहाना कडेवर. त्यात मी. मी पाठवत होती ते सुजाताच्या शिक्षणाले, लग्नाले, बहिणीच्या दुखण्याले लागून गेलं होतं. पण वस्तीत कोणाले पटे? बाया विचारत, "काय काय आणलं वं विलायतेतून? सोनं किती आणलं?" मी दोन स्वेटरं आणले होते. नागपुरात तसलं जाड स्वेटर घालणार कधी?

सुजाता मले वाढून द्याची अन् म्हणाची, "मी मघाशीच खाल्लं, माय." मी तिचं ताट पाह्यलं. कोरडं होतं.

मंग मी काम धुंडाले निघाली.

मुलींच्या एका हॉस्टेलात मेसले बाई पाहिजे होती. तिथली मुख्य बाई लय खूश झाली. विलायतेत होत्या? बसा ना. खुर्ची दिली, चहा मागवला. मंग विचारलं, राहता कुठं? मी म्हटलं, इंदोऱ्यात. तिनं टेबलावरचा कागद सरळ केला. "आम्ही कळवतो," म्हणाली. चहा आला तेव्हा मी फाटकाच्या बाहेर होती.

एका खानावळवाल्यानं मले वरून खाली पाह्यलं अन् म्हणाला, "आजी, हंडा उचलशीन का तू?" मी उचलून दाखवला. तो म्हणाला, "आज उचलला. उद्या पडलीस तं माह्या डोक्याले ताप." एका नर्सिंग होममध्ये आया पाहिजे होती. तिथं म्हणाले, विलायतेतून आली न तू, मंग तुले कामाची काय गरज? एका घरी म्हणाले, केस पांढरे झाले, आता भजन करा.

कुठं वय आडवं येई. कुठं वस्तीचं नाव आडवं येई. कुठं विलायत आडवी येई. काहून नाही म्हणते हे कोणी सरळ सांगे नाही. मी पायीच जाई अन् पायीच येई. घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडे. लेकरं विचारत, आजी काहून झोपून राह्यली? सुजाता त्यांले गप करे.

एक दिवस मी मनाशी म्हटलं, आता लाज कायची? अन् बाईच्या मागच्या फाटकावर जाऊन उभी राह्यली.

बाईची सैपाकीण तिच्या गावी निघून गेली होती. बाईले सैपाकाची सवय नव्हती, चौदा वर्षं मीच केलं होतं. ती मले पाहून मनापासून खूश झाली, खोटं कायले बोलू. जरा विचारात पडली. आत गेली. माळ घेऊन आली.

असं झालं ते.

म्हातारीले आमी सगळे आजीबाई म्हणत असू. तिनं मले आधी कधी पाह्यलं नव्हतं. पयल्या दिवशी तिनं विचारलं, "भोयर का गं तू? पारशिवनीच्या?" मी मान हलवली. बस. मी कुणबी झाली.

तिले माह्या हातचं आवडाले लागलं. "कुणबिणीच्या हाताला चव असते," म्हणे. माह्याशी बोलत बसे. गुडघे कसे दुखतेत, सून कशी ऐकत नाही. मी तिचे पाय चेपून देई. वाईट म्हातारी होती असं नाही सांगता येत. हेच तर मले जड जाई.

एक दिवस सगळे जेवाले बसले होते. मी वाढून राह्यली होती. पेपरात आमच्या लोकांच्या सभेची काहीतरी बातमी होती. आजीबाईनं भात कालवला, घास घेतला अन् म्हणाली, "धर्म बदलला म्हणतात. धर्म बदलून का वास जातो?"

माह्या हातात वरणाची पळी होती. मी बाईकडे पाह्यलं. बाई ताटात पाहून राह्यली होती. साहेबाकडे पाह्यलं. साहेब म्हणाले, "भाजी वाढ गं जरा."

मी भाजी वाढली.

त्या दिवशी घरी जातानी रस्त्यात मी माळ काढली. रोजच काढत होती, वस्तीत शिराच्या आधी. माळ बटव्यात, पदक गळ्यात. सकाळी पदक बटव्यात, माळ गळ्यात. सुजाताले मी सांगतलं होतं, बाईकडे काम भेटलं. एवढंच. घरात पीठ येऊन राह्यलं होतं. सुजाता आता माह्यासंग बसून जेवत होती. तिच्याकडे पाहून मी स्वतःले समजावे, दोऱ्याचं काय एवढं, पोट भरते न.

पण समजत नव्हतं. माह्या हातचं अन्न चालत होतं. पायाले लागणारा हात चालत होता. फक्त मी चालत नव्हती. मी मेली असती अन् भोयर जिती राह्यली असती तं त्या घराचं काहीच अडलं नसतं.

मंग तो दिवस आला. सकाळची वेळ. आजीबाई मागच्या व्हरांड्यात मेथी निवडत बसली होती, मी तिच्यासमोर पीठ मळत होती. मागचं फाटक वाजलं. सुजाता धावत आली, लहान्याले कडेवर घेऊन. केस सुटलेले.

"माय, मिनूले सरकारी दवाखान्यात नेलं. ताप उतरून नाही राह्यला, डोळे फिरवते. तिचा बाप थांबला आहे तिथं. तू चाल."

मी उठली. हाताले पीठ तसंच. आजीबाई म्हणाली, "कोण गं तू? कुठली?"

"इंदोऱ्याची," सुजाता म्हणाली. तिले काय माहीत?

आजीबाईनं मेथीची जुडी खाली ठेवली. माह्याकडे पाह्यलं. "भोयर ना तू? मग ही तुला माय कशी म्हणते?"

बाई आतून आली. तिनं सगळं आयकलं होतं. ती पटकन म्हणाली, "ओळखीची असेल हो, सासूबाई. या मुली सगळ्यांनाच माय म्हणतात. हो ना, भोयरबाई?" अन् डोळ्यानं मले खुणावलं. हो म्हण. फक्त हो म्हण.

हो म्हणणं सोपं होतं. सुजाताले बाहेर न्याचं, दवाखान्यात जाचं, उद्या परत कामावर याचं. पीठ येत राहीन. मिनूले औषध लागन. हे सगळं माह्या डोक्यात आलं, कारण भुकेल्या माणसाच्या डोक्यात तेच पयले येते.

पण सुजाता माह्याकडे पाहून राह्यली होती. तोंडाकडे नाही. गळ्याकडे. तिची नजर माळेवर थांबली अन् मंग तिनं मान खाली घातली. पोटची पोरगी माह्यासाठी लाजली. दारात तिचं लेकरू मरणाचं बिमार आहे म्हणून सांगाले आलेली पोरगी, अन् ती माह्यासाठी लाजून राह्यली होती.

मी म्हटलं, "माही पोरगी आहे ही. मी भोयर नाही. आमी बौद्ध आहो. इंदोऱ्याचे."

आजीबाईचं तोंड उघडंच राह्यलं. तिनं आपल्या हाताकडे पाह्यलं, मंग परातीकडे. हळूच विचारलं, "इतके दिवस?"

अन् बाई म्हणाली, "अगं, हे तू मला कधीच सांगितलं नाहीस."

मले आयकू आलं ते खरं नाही असं वाटलं. ती पुढं म्हणाली, "फसवलंस तू आम्हाला. मला काय माहीत होतं, सासूबाई?"

मी म्हटलं, "बाई, ही माळ तुमी घातली माह्या गळ्यात. तिकडं चौदा वर्षं माह्याच हातचं खाल्लं. साहेबाले विचारा."

साहेब आतल्या खोलीत होते. दार उघडं होतं. पेपराचं पान उलटल्याचा आवाज मी आयकला. ते बाहेर आले नाहीत.

"खोटं बोलते," बाई म्हणाली. सासूचं भेव होतं तिले. चौदा वर्षं विलायतेत राहून आलेली बाई, अन् एका म्हातारीच्या भेवानं उभी कापून राह्यली होती.

आजीबाई म्हणाली, "भांडी बाहेर काढा. सगळी." माळी आला. ज्या कढईत मी काल भाजी केली होती ती त्यानं अंगणात फेकली. मंग पातेलं. मंग परात, मळलेल्या पिठासकट. ते पीठ मातीत पडलं. चांगलं गव्हाचं पीठ होतं.

मी नळावर हात धुतले, माळ काढून तिथंच नळावर अडकवली अन् सुजातासंग निघाली.

मिनू वाचली. लय दिवस लागले, पण वाचली. दवाखान्याच्या फरशीवर मी अन् सुजाता आळीपाळीनं बसलो. ती माह्याशी बोलत नव्हती. एका दुपारी बोलली.

"माय, आमच्यासाठी घातली होती न ती माळ?"

"हो."

"पुन्हा घालू नको. आमी उपाशी राहू."

वस्तीत काही जणं म्हणाले, तोंड बंद ठेवलं असतं तं काय बिघडलं असतं? या वयात आता कोण काम देते? ते बरोबर बोलत होते. पीठ येणं बंद झालं. सुजाता पुन्हा म्हणाले लागली, मी मघाशीच खाल्लं. माह्या गुडघ्यांनी आता जिना चढवत नाही. मले रात्री झोप येत नाही, अन् येते तेव्हा मातीत पडलेलं पीठ दिसते.

मी काम धुंडणं सोडलं नाही. परवा एसटीनं कळमेश्वरले गेली. तिथं कारखान्यांच्या वसाहतीत एका कँटीनवाल्याले सैपाकाले माणूस पाहिजे होतं. तो गल्ल्यावर बसला होता. त्यानं काही विचाराच्या आधीच मी बोलली.

"मी बौद्ध आहो. इंदोऱ्यात राहते. वय पंचावनच्या वर आहे. सैपाक येते, इकडचाही अन् विलायतेतलाही. चालत असन तं सांगा."

त्याच्या मागं काम करणारे दोन जण थांबून पाहाले लागले. त्यानं मान हलवली. "नाही जमणार, बाई."

"काहून?"

तो गल्ल्यातली चिल्लर मोजाले लागला.

"वयामुळं का जातीमुळं? तेवढं सांगा."

तो म्हणाला, "तुमी जा आता."

मी गेली. उद्या दुसरीकडे जाणार आहो. तिथंही आधी हेच सांगणार, अन् नाही म्हटलं तं हेच विचारणार. ज्याले मले हाकलायचं आहे त्यानं कारण आपल्या तोंडानं बोलावं, चार माणसांसमोर. मी उभी राहीन तोपर्यंत.