न लागलेला दिवा

ट्रॅक्टरचं वायरिंग बघणाऱ्या डायनामा आबांना लाल दिव्याची भीती नव्हती, न लागणाऱ्या दिव्याची होती. किल्ली फिरवल्यावर मीटरशेजारचा चार्जिंगचा दिवा लागला नाही, की आमच्याकडचे ड्रायव्हर खूश होतात. चार्जिंग ठीक आहे असं धरून चालतात. आबा तिथेच थबकायचे. किल्लीला दिवा लागला पाहिजे आणि इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे, यातलं एक जरी झालं नाही तरी ते ट्रॅक्टर पुढे जाऊ देत नसत.

धरणगाव भागात माझा विहिरी खोल करण्याचा धंदा आहे. जुन्या ट्रॅक्टरवर कॉम्प्रेसर बसवलेला. ट्रॅक्टरचा, बॅटरी भरणारा मूळ डायनामा काढून आबांनीच अल्टरनेटर बसवला होता, पण आमच्याकडे दोन्हीला डायनामाच म्हणतात आणि आबांचं नावही त्यावरूनच पडलं. हा अल्टरनेटर त्या दिव्यातून आलेल्या थोड्याशा करंटवर जागा होतो. बल्ब उडाला तर तो झोपलेलाच राहतो आणि बॅटरी गुपचूप उतरत जाते. त्याच बॅटरीवर आम्ही सुरुंग उडवायचो.

कुणी भडगावहून नुसता अल्टरनेटर खोलून मोटारसायकलवर घेऊन आलं, तर आबा त्याला चहा पाजून परत पाठवायचे. ट्रॅक्टर आण, म्हणायचे. आधी बॅटरीचे टर्मिनल, मग पट्टा, मग तार. भरिताचं वांगं निवडावं तशी सगळी तार बोटांनी दाबत जायचे. अल्टरनेटरला हात अगदी शेवटी.

माझा स्वभाव कुठल्याही चुकीचं ओझं स्वतःवर घेणारा. पट्टा ढिला निघाला तरी मी माफी मागू लागे. आबा वैतागायचे. "माफी मांगाले सारा दिन पडेल शे. पहिले बल्ब देख, भो."

एकदा नानांच्या विहिरीत सुरुंग उडवले आणि एक आवाज कमी आल्यासारखा वाटला. दोन एकदम फुटले असतील, असं विहिरीचे मालक नाना म्हणाले. मजूर घाईत होते, मीही त्यावर विश्वास ठेवायला तयार होतो. मजुरांतला सुकदेव मलबा भरायला दोरावरच्या पाळण्यात बसणार, इतक्यात ठरल्याप्रमाणे पट्टा बघायला आबा आले. सवयीने त्यांनी किल्ली फिरवली. दिवा लागला नाही. हेडलाइट लावले, तर तेही मंद.

ते चालत गेले आणि पाळण्याचा दोर दोन्ही हातांनी धरला. सुकदेव पाळण्यापासून मागे सरला.

नाना चिडले. "आबा, तुमले डायनामा देखाले बलायेल शे, हीर राखाले नही."

"बॅटरी उपाशी शे, नाना. खाली काय फुटनं नि काय नही, माले माहीत नही. तुमले माहीत शे का?"

नानांनी सुरुंगवाल्याला निरोप धाडला. तरी मजुरी बुडण्याची कुरकुर चालूच होती. आबांना कुणी म्हातारपणाचा टोमणा मारला, कुणी भित्रा म्हणालं. मी बोलायला तोंड उघडलं, तर त्यांनी मला बल्ब आणायला पिटाळलं. दिवसभर ते दोराजवळून हलले नाहीत. भाकरीही तिथेच खाल्ली.

दुसऱ्या सकाळी परवानेवाला सुरुंगवाला आला. भरलेल्या बॅटरीवर त्याने पुन्हा तार जोडली आणि आम्हाला लांब नेलं. विहिरीतून धडाका झाला, दगड काठावर येऊन पडले. पूर्वेच्या कोपऱ्यातून धूर निघत होता. सुकदेव काल तिथूनच मलबा भरायला सुरुवात करणार होता.

धूर गेला, सुरुंगवाल्याने तपासून हो म्हटलं, तरी कुणी पाळण्याजवळ जाईना. आबांनी चपला काढल्या. मी त्यांचा हात धरला, वयाची आठवण करून दिली. ते म्हणाले, "काल मी थांबाडं ना? मंग आज पहिले मीच उतरस." पाळणा खाली गेला. दोर माझ्या हातात होता. खालून बराच वेळ नुसते दगड सरकल्याचे आवाज येत राहिले. मग त्यांनी सुकदेवला हाक मारली, ये म्हणून. सुकदेव उतरला.

आबा गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. सुरुंग उडवायला आता वेगळं यंत्र असतं, बॅटरी लागत नाही. तरी सुरुंगवाल्याने हो म्हटलं की पाळण्यात आधी मी बसतो. मजूर हसतात, शेठला हौस आहे म्हणतात. दोर सुकदेवच्या हातात असतो. खाली पाय टेकल्यावर कोपरान्‌कोपरा बघून मगच मी वर हाक देतो.