टाचण्यांआडचा 'हं'

माझ्या मावशीचे यजमान शिंपी. ओठांत कायम टाचण्या, मग माणूस बोलणार कसा? चाळीस वर्षं काकांनी फक्त 'हं' म्हटलं. पण त्या 'हं'चे सगळे अर्थ मावशीला तोंडपाठ. तोकडा 'हं' म्हणजे कबूल. शेवटी वर चढलेला 'हं?' म्हणजे पुढं काय झालं ते सांग. आणि नाकातून ओढलेला लांबलचक 'हंऽऽ' म्हणजे ऐकलं, पण पटलं नाही. तो आला की मावशी मुकाट्याने बेत गुंडाळायची. माझ्या पहिल्या पसंतीच्या मुलाला तोच मिळाला होता, आणि बरंच झालं बाई!

काका गेले, तरी मावशी दुकानात बटणं लावत बसायची आणि त्यांच्याशी बडबडायची. मध्येच थांबायची, एक 'हं' मावेल एवढंच. मग मान डोलावून पुढं. भर दुपारी माझ्या अंगावर काटा यायचा.

"अगं, कुणाशी बोलतेस?"

"तुला ऐकू येत नाही, त्याला मी काय करू?"

दुकानामागच्या जिन्यावरून ती दोनदा घसरली. दुसऱ्यांदा डोक्याला सहा टाके पडले. म्हटलं, आता पुरे, माझ्याकडे चल.

"त्यांना विचारते," म्हणाली. माझं डोकंच फिरलं.

कापडं बेतायच्या टेबलाशी उभी राहून तिने विचारलं, "जाऊ का हो मी हिच्याकडे?" मी पडद्यामागे होते. कितीतरी वेळ काहीच नाही. शेवटी मीच दोन टाचण्या ओठांत धरल्या आणि म्हटलं, "हं." तोकडा.

मावशी त्याच संध्याकाळी निघाली.

आमच्याकडे आल्यावर मात्र तिचं बोलणंच आटलं. एक वाक्य बोलायची, थांबायची, वाट बघायची आणि बाकीचं तसंच सोडून द्यायची. हळूहळू तेही बंद झालं. जेवण निम्म्यावर आलं. माझं मन मला खात होतं, खोटं कशाला सांगू.

पंधरा दिवसांनी, काल सकाळी, मी त्या भाड्याच्या दुकानाची किल्ली जागेच्या मालकाला परत द्यायला गेले. तो यायचा होता. आत फक्त ते टेबल उरलं होतं. मी उगाच बोलले, "काका, तिच्या भल्यासाठीच केलं हो मी."

टेबलापलीकडून, नाकातून, सावकाश आला.

"हंऽऽ."

मी जी पळत सुटले ती थेट घरी. दाराला कुलूप लावायचंही भान राहिलं नाही.

मावशी खिडकीशी बसली होती. "दिलीस किल्ली?"

किल्ली माझ्या मुठीतच होती. कसंबसं म्हटलं, "हं."

मावशीने मान वर केली. माझ्या ओठांकडे बघत राहिली.

"परत म्हण बघू."

मला रडूच कोसळलं.

"म्हणजे त्या दिवशी तू होतीस." तिचा आवाज चढला नाही की काही नाही. तिने फक्त हात पुढं केला.

"आण ती किल्ली. पंधरा दिवस एकटेच आहेत ते तिथे."