भाचीच्या बाजूचा ब्रेक

"तू मला शिकवत नाहीस, रोज नापास करतेस," मावशी म्हणाली. स्टिअरिंगवरची तिची पकड ढळली नव्हती. गाडी मात्र मैदानाच्या मधोमध बंद पडली होती.

"सोमवारची टेस्ट पुढे ढकलू, एवढंच म्हटलं मी."

"म्हणजे निकालच लावलास. याला संकलित मूल्यमापन म्हणतात, बये. मला आकारिक हवंय."

भाची ड्रायव्हिंग शिकवायची आणि मावशीची सारी हयात शिक्षकांना शिकवण्यात गेली होती. तेव्हा या गाडीत विद्यार्थिनी कोण, हे अजून ठरायचंच होतं. मावशीने लगेच समजावलं. शिंपी कच्चे टाके घालून कपडा अंगावर चढवून बघतो, ते आकारिक. चूक दिसली तर सुधारता येते. तोच कपडा भर समारंभात काखेत उसवतो, ते संकलित.

घरीही हेच. काकांनी इस्त्री केली की मावशी "वाईट झाली" म्हणायची नाही. "कॉलर उत्तम, बाह्यांना मार्गदर्शनाची गरज," असा वर्णनात्मक शेरा द्यायची. कंटाळून काकांनी इस्त्री सोडली, तेव्हा तिने त्याची नोंद विद्यार्थ्यांच्या गळतीत केली.

मग काकांची नजर अधू झाली आणि त्यांचं गाडी चालवणं थांबलं. कुठे जायचं तर मुलाला विचारा, आणि मुलगा म्हणणार, "रविवारी बघू." बरेच रविवार नुसते बघण्यात गेले. तिला कोणालाही न विचारता किल्ली उचलायची होती, म्हणून सोमवारची एवढी घाई.

भाचीने स्वतःच्या पायांकडे बोट दाखवलं. शिकवायच्या गाडीत शिकवणाऱ्यापुढेही क्लच-ब्रेक असतात. हातगाडीपाशी गाडी थांबली ती या पायाने, तिने सांगितलं. शाळेच्या फाटकापाशीही. मघाशी कुत्र्यापाशीही.

"कुत्रं मी बघितलं होतं."

"बघितलंस तू. ब्रेक मी दाबला."

मावशीने चष्मा वर सरकवला, व्याख्यानाआधी सरकवायची तसा.

मूल्यमापनाला वैधता लागते, मावशी सांगू लागली. जे मोजायचं तेच मोजलं गेलं पाहिजे. "अर्धा पेपर तू लिहिलास आणि नापास मी? माझं ड्रायव्हिंग तू तपासलंच नाहीस अजून. स्वतःच्या पायाला मार्क देत बसलीस."

भाचीने खूप विचार केला, पण यात खोट सापडेना. शेवटी हात टेकून तिने विचारलं, "मग यावर तुमच्या शास्त्रात उपाय काय?"

"सोपा आहे. शिकणाऱ्याला दिलेला आधार काढून घेत जायचा. आधी जरासा, मग आणखी..."

भाचीने पट्टा सोडला, खाली उतरली आणि दार लावून घेतलं.

"अगं, हळूहळू काढायचा असतो तो," काच खाली करत मावशी म्हणाली. "निदान पहिला गिअर पडेपर्यंत तरी बस. ऐकतेयस ना?"

मैदान मोकळं होतं. भाची कडेच्या बाकाकडे निघाली, हात मागे बांधून, परीक्षेच्या हॉलमध्ये पर्यवेक्षक चालतात तशी.