खरंच-शेवटची फाइल

"कचरा होता म्हणून काढला! फाइलींची नावं तरी बघ. नवीन, नवीन-शेवटची, खरंच-शेवटची. यातली ठेवायची कुठली होती?" नवरा म्हणाला.

"तिन्ही!" ती कडाडली. "तुझ्या साफसफाईपायी माझा प्रोग्रॅम बंद पडलाय."

ती कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायची आणि एका परिषदेसाठी फुकट परीक्षण करायची. लेखाबरोबर आलेला प्रोग्रॅम दिलेल्या सूचनांबरहुकूम चालवायचा, लेखातलेच आकडे आले तर शिक्का द्यायचा. या कामात आपला मोठा दरारा आहे, असा निदान तिचा तरी समज होता. मागच्याच महिन्यात तिने एकाला लिहिलं होतं, 'आपला प्रोग्रॅम फक्त आपल्याच घरी चालतो, असे दिसते.' हे वाक्य तिने नवऱ्याला दोनदा वाचून दाखवलं होतं.

यंदा तिचाच लेख शिक्क्यासाठी गेला होता. नव्या पद्धतीने काम तीस टक्के लवकर उरकतं, असं त्यात ठासून म्हटलं होतं. परीक्षकाने कळवलं, तिसऱ्या पायरीला फाइल सापडत नाही. आज संध्याकाळपर्यंत उत्तर द्यायचं होतं.

"अगं, पण त्याच्या घरी मी कुठे झाडायला गेलो होतो?"

सोफ्यावर सासूबाई खुदकन हसल्या. तिने तणतणत प्रोग्रॅम उघडला. तिसऱ्या पायरीत तिच्याच डेस्कटॉपचा पत्ता होता. आपल्या घरातली वस्तू ती जगाला ज्याच्या-त्याच्या घरात शोधायला सांगत होती.

नवऱ्याने कॉम्प्युटरच्या कचरापेटीतून फाइल परत आणून दिली. प्रोग्रॅम चालला. बरोब्बर तीस.

"झालं की! दे पाठवून."

पण परीक्षकाची खोड जाते थोडीच! तिने फाइल मूळ मोजमापांशी ताडून पाहिली. सात ओळी कमी. तिनेच कधीतरी हाताने उडवलेल्या. का, ते काही केल्या आठवेना. आता सूचनांत काय लिहायचं? 'पायरी तीन: सात ओळी काढाव्यात. कोणत्या, ते आतून कळेल'? त्या ओळी परत घातल्यावर तीसचे एकोणीस झाले.

"एकोणीस काय वाईट आहेत?" सासूबाई म्हणाल्या. "याला गणितात कधी तेवढे पडले नाहीत."

"आई!" नवरा म्हणाला.

तिने चार ओळींचं पत्र लिहिलं, पाठवलं आणि लॅपटॉप मिटला.

"शिक्का नको म्हणून कळवलंय. लेखात एकोणीसच छापणार आहे."