आत्याबाईंना उचलायचं म्हणजे

नातीनं परवा जिममधला तो केटलबेल घरी आणला. लोखंडी गोळा आणि वर मूठ. म्हणाली, आजी, यानं पाठ मजबूत होते. म्हटलं, बाई, मला नको सांगू. हे माझ्या हातात आलं तेव्हा तुझी आई रांगत होती.

पारोळ्याला आमची आडत होती, शेंगांची आणि ज्वारीची. ऐंशीनंतरची गोष्ट. सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, न्हाणीत घसरल्या आणि खुबा मोडला. धुळ्याच्या डॉक्टरांनी हाड जोडलं, पण त्या खाटेवरून काही उठल्या नाहीत. अंगानं चांगल्या भरलेल्या. त्यांना वळवायचं, उचलून बसवायचं, खालची चादर बदलायची, सगळं बठ्ठं माझ्याकडे. मी म्हणजे काडी. एकदा पाठीत उसण भरली आणि त्या हातातून निसटून खाटेच्या कडेवर आपटल्या. त्या दिवशी जेवताना ह्यांनी सांगितलं, "जमत नसेल तर दोंडाईच्याला जा, माहेरी. दुसरी आणतो. पोरगी इथंच राहील." भाकरी मोडता मोडता सांगितलं, ताटातून नजरही वर केली नाही.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी तराजूची वजनं चिंचेनं घासून पूजेला मांडायची, हे काम घरच्या बाईचं. वजनं म्हणजे घरची लक्ष्मी, एरवी बाईनं त्यांना हात लावायचा नाही. मूठवालं दहा किलोचं वजन नुसत्या हातांनी ओढलं की पाठीत कळ. वैतागून मी पाय फाकले, दोन्ही हातांनी मूठ धरली आणि त्याला पायांमधून मागं झुलू दिलं. मग कुल्ल्यांनी पुढं झटका दिला, तर ते आपणच वर आलं. पाठ गप्प. परत केलं, परत आलं. म्हटलं, अगं, आत्याबाईंनाही असंच उचलायला पाहिजे की.

मग दुपारी हे मार्केटात गेले की मी गोदामात, त्या वजनापाशी. आधी धाप लागायची, मग मांड्या भरून यायच्या, मग त्रास असा काहीच होईना. आत्याबाई माझ्या हातांत अलगद यायला लागल्या. तर म्हणतात काय, "मी हलकी व्हयी गऊ का वं? उपाशी मारी ऱ्हायनी का माले?"

दिवाळीच्या रंगासाठी त्यांची खाट पडवीत काढली. तिथून गोदाम दिसायचं, ते माझ्या ध्यानात नाही आलं. त्यांनी पाहिलं आणि गल्ली गोळा केली. "लक्ष्मीले तंगड्यासमा घालस, रांड."

त्याच आठवड्यात शेंगांचा भाव पडला होता. सगळ्या खानदेशात पडला होता, पण आमच्या घरी तो माझ्या तंगड्यांमुळे पडला. ह्यांनी अंगणात, चार बायांसमोर, मला वजनं गोमूत्रानं धुवायला लावली आणि त्या वजनांपुढे नाक घासायला लावलं. आत्याबाई खाटेवरून सांगत होत्या, "आखो घास." आणखी घास. या हातांनी आता मला शिवायचं नाही, असंही त्यांनीच ठरवलं.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी माझी पिशवी भरून दारात ठेवली. पोरगी ह्यांच्या बहिणीकडे द्यायची ठरली होती. इकडे आत्याबाईंची चादर पहाटेपासून ओली. ह्यांनीच उचलायला घेतलं. बगलेत हात घातले, कमरेतून वाकले आणि ओढलं. आत्याबाई अशा किंचाळल्या की पलीकडच्या घरातली पोरं रडायला लागली. ह्यांचीही पाठ धरली. खाटेचा खूर धरून वाकलेले ते वाकलेलेच.

"बलाव तिले," आत्याबाई कण्हत लेकाला म्हणाल्या.

मी दारातच होते. लगेच नाही गेले. पदर खोचला, चपला नीट एका बाजूला काढल्या.

"ह्याच हातांनी उचलू का, आत्याबाई?"

"उचल ना वं, रांडे."

पाय फाकले, गुडघे वाकवले, त्यांचे हात माझ्या गळ्यात घेतले आणि कुल्ल्यांनी जोर देऊन उभी राहिले. माझ्या गळ्यात लोंबकळतच, माझ्या खांद्यावरून त्या लेकाला म्हणाल्या, "दोंडाईचानी गाडी जाऊ दे. हाई गई ते मी याच मुतमा मरसू. दुसरीले शिकाडत बसू का आते?"

ह्यांनी वाकल्या वाकल्याच होकाराची मान हलवली.

पोरगी माझ्याजवळच वाढली. आत्याबाईंना मी त्या जाईपर्यंत उचललं, आणि जाईपर्यंत त्यांनी मला शिव्याच दिल्या. पण पुन्हा कुठं आपटल्या मात्र नाहीत.