बंदरावरून येणारे मेसेज

मंगरूळपीरला माझ्या शेजारी राहणारे काका सारखे मोबाइल घेऊन येत. मुलगा क्रूझवर स्वयंपाकी होता; परदेशी बंदरात त्यानं कार्डावर काही घेतलं, की खात्याला जोडलेल्या काकांच्या नंबरवर बँकेचा मेसेज यायचा. मी तो वाचून दाखवी. बार्सिलोना, कॉफीचं दुकान.

"आमी इथं अर्धा चहा पेतो, अन् हा पाहा," ते खूश होऊन म्हणत.

दिवाळीनंतर मुलगा जहाजावरून समुद्रात पडला. सापडला नाही.

परवा बँकेत मी त्यांच्यासोबत होतो. कारकून हळूच म्हणाला, "कार्ड बंद करून टाकू." काकांनी नको म्हटलं आणि उलट त्याच खात्यात पैसे भरले.

"काहून भरता, काका?" मी विचारलं.

"कार्ड त्याच्या खिशातच हाय, गुरुजी. कोन्या बंदरात निंगाला, तं चहापुरते तरी पायजेत न."