बेबीताईंनी पास केलेली कोठी

मेडशीचे भिवाजी धान्य साठवायच्या पत्र्याच्या कोठ्या बनवतात. स्वतः काडीसारखे, पण आपल्या कोठीची तारीफ सुरू केली की गिऱ्हाईक तुरीचं पोतं खाली ठेवून बसूनच घेतं.

पंधरा वर्षांपूर्वी आठवीतल्या लेकीनं, पल्लवीनं, त्यांना ‘ड्युरेबल’ हा शब्द शिकवला. अर्थ टिकाऊ. तो वापरायचा कुठं, असं भिवाजींनी विचारलं.

“वस्तूले लावतात, बाबा. चपलीले, कोठीले. माणसाले नाही लावत.”

“बरं हाय. नाहीतर तुह्या मायनं माह्या कपाळावर लिवून मांगतलं असतं.”

तेव्हापासून त्यांच्या कोठीवर लाल रंगात ‘ड्युरेबल’ लिहिलेलं असतं. मात्र परीक्षेनंतरच. बायको, बेबीताई, भर उन्हात कोठीत शिरतात, भिवाजी झाकण लावतात. आत उजेडाचा ठिपका दिसला की कोठी नापास. नवऱ्याला नापास करण्यात बेबीताईंनी कधी हात आखडता घेतला नाही.

यंदा रामकिसन यांची कोठी तयार झाली. ते समोर उभे होते. बेबीताई आत बसल्या.

“दिसते का काही?”

“नाही. लिवा आता, का मले इथंच ठेवता?”

भिवाजींनी ब्रश बुडवला आणि त्यांना सांध्यावर ज्वारीच्या दाण्याएवढं भोक दिसलं. त्यांनी त्यावर बोट ठेवलं, काढलं.

“आता?”

“सांगतलं ना, नाही.”

महिनाभर बेबीताईंच्या भातात खडे येत होते. त्या खड्यांवर भिवाजींनी गावभर विनोद केले होते. ते सगळे त्यांना एकदम आठवले.

त्यांनी बेबीताईंना हात धरून बाहेर काढलं.

“पास ना?” बेबीताईंनी विचारलं.

“लिहून टाका भिवाजी,” रामकिसन म्हणाले, “ताईचा शब्द म्हणजे झालं.”

भिवाजींनी ब्रश रॉकेलमध्ये ठेवला. “आज नाही. उद्या वाशिमले जा लागते, डोळे दाखवाले.”

“कोणाचे?” बेबीताईंनी विचारलं.

“माहे. भोक राह्यलं, मले आधी दिसलंच नाही. तूही दाखवून घे सोबत.”

बेबीताई कोठीभोवती सांध्यावरून हात फिरवत गेल्या आणि एका जागी थांबल्या.

“हे?”

“हो.”

भोक त्याच दिवशी बुजवलं. कोठी मात्र अंगणात कोरीच उभी आहे. रामकिसन यांची तूर पोत्यातच आहे, आणि घाई नाही असा त्यांचा निरोप आला आहे. बेबीताईंच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू सोमवारी काढणार आहेत.

महिन्यानं त्या पुन्हा आत बसतील.